मूल सारखं आजारी पडतं... दोष कुणाचा?

जुलैतली संध्याकाळ. जुन्या पनवेलमधला लहान मुलांचा दवाखाना. दारात चपलांचा ढीग, कोपऱ्यात ओल्या छत्र्यांचा. बाकावर जागा नाही म्हणून दोघी-तिघी भिंतीला टेकून उभ्या आणि प्रत्येकीच्या खांद्यावर मान टाकलेलं एकेक मूल. मी नातवाला डोस द्यायला घेऊन गेले होते. शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. बाळ सात महिन्यांचं. नाक वाहत होतं, छातीत घरघर चालली होती.

"महिन्यातली तिसरी खेप ही," सासूबाई मला सांगू लागल्या. "हिचं लक्षच नसतं बघा. पंखा लावून झोपते. परवा केळं भरवलं. मग छातीत कफ नाही होणार तर काय?" सून काही बोलली नाही. बाळाच्या टोपीची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत बसली.

त्यांचा नंबर लागला. दवाखाना एवढासा, मधलं दार कायम अर्धं उघडं, त्यामुळे आतलं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. जन्मताना वजन किती होतं? सव्वादोन किलो. अंगावर पाजता का? पाचव्या महिन्यापासून बाटली, कारण ती पॅकिंगच्या कामाला जायला लागली. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का? मिस्टर ओढतात, ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. राहता कुठे? कळंबोलीला, हायवेला लागूनच. लशीचं कार्ड? ते गावी राहिलं, सोलापूरकडे. डोस दोनच झालेत.

पंख्याचं आणि केळ्याचं मात्र बाईंनी काही विचारलंच नाही!

घरी आल्यावर मी ते प्रश्न वहीत लिहून काढले. आपण सासवा, आज्या, शेजारणी मूल आजारी पडलं की जे प्रश्न विचारतो, त्यातला एकही त्या यादीत नव्हता. आपल्या यादीत थंड पाणी, दही, केळं, पंखा, नजर आणि शेवटी ‘आईचं लक्ष नाही’ हे असतंच. डॉक्टरांच्या यादीत होतं वजन, दूध, धूर, घराची जागा आणि लस. यालाच वैद्यकीय भाषेत ‘जोखमीचे घटक’ म्हणतात. जोखीम म्हणजे काही आजाराची खात्री नव्हे. पण एकेक जोखीम मुलाच्या ताटात वाढत गेली, की साध्या सर्दीचा न्यूमोनिया व्हायला आणि दोन जुलाबांचं सलाईन व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आज ही यादीच जरा नीट बघू या. त्यातलं आईच्या हातात किती, घरातल्या बाकीच्यांच्या हातात किती आणि घराच्या उंबऱ्याबाहेर किती?

सर्दी किती वेळा झाली तर चालते?

आधी एक दिलाशाची गोष्ट. बालवाडीच्या वयाच्या धडधाकट मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होऊ शकते. पावसाळ्यात एक जाते न जाते तोच दुसरी येते. मोठी भावंडं शाळेतून, अंगणवाडीतून विषाणू घरी आणतात आणि घरातल्या धाकट्याला वाटतात. यात आईचा काही गुन्हा नाही. मूल खेळतंय, खातंय, वजन वाढतंय, तर अशी सर्दी आपली आपण बरी होते.

अशा सर्दीला बाटल्याच्या बाटल्या औषध पाजण्यातच उलट धोका आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात काय झालं ते आपण वाचलंच. खोकल्याच्या एका सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि वीसहून अधिक मुलं दगावली. कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरप द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. तेव्हा मेडिकलवाल्याला ‘खोकल्याचं काहीतरी द्या’ म्हणणं आता सोडायला हवं. मागच्या वेळची उरलेली बाटली फडताळातून काढून पाजणंही बंद.

जोखीम सुरू होते पोटातच

डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न होता जन्माच्या वजनाचा. अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ हे कमी वजनाचं बाळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात वजन केलेल्या शंभर बाळांमागे सुमारे अठरा बाळं अशी असतात. या बाळांना न्यूमोनिया, जुलाब, जंतुसंसर्ग लवकर होतात आणि झाले की जोरात होतात.

वजन कमी का? त्याची मुळं आईच्या ताटात आणि रक्तात आहेत. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तर हे प्रमाण सुमारे ६९ टक्के! शेवटी जेवायचं, उरेल ते खायचं, लोहाच्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून डब्यात ठेवून द्यायच्या, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. त्याचा हिशेब बाळाच्या छातीत उतरतो.

आणि मशेरी! रायगड-कोकणात हे सांगायलाच हवं. तव्यावर तंबाखू भाजून दाताला लावणं कित्येक जणींना व्यसन वाटतच नाही, ‘दात साफ करते’ एवढंच त्या म्हणतात. मुंबईतल्या बाराशेहून अधिक गर्भवतींचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखा न ओढण्याचा तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढलेला दिसला. सव्वादोन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम ही थोडीथोडकी गोष्ट नाही. शिवाय मशेरी भाजताना घरभर होणारा धूर वेगळाच.

दुधाचा प्रश्न आणि कामाचे तास

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, मध नाही, गुटी नाही. हे आता बहुतेकींना माहीत आहे आणि महाराष्ट्रात सहा महिन्यांच्या आतल्या दहापैकी सुमारे सात बाळं अशीच वाढतात, असं ती पाहणी सांगते. मग उरलेली तीन? त्यांच्या आया काय बेफिकीर असतात?

कळंबोलीच्या त्या सुनेचंच घ्या. पाचव्या महिन्यात ती कामाला लागली, कारण खोलीचं भाडं एका पगारात निघत नव्हतं. २०१७ मध्ये कायद्यात बदल होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोयही आली. पण कंत्राटदारामार्फत रोजावर जाणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बाईपर्यंत ती रजा पोचतच नाही. तिच्यासाठी रजा म्हणजे बिनपगारी दिवस. आपण मात्र म्हणतो, ‘हिने दूध लवकर तोडलं.’

तरीही यातून थोडी वाट निघते. दूध स्वच्छ भांड्यात काढून ठेवता येतं. झाकून सावलीत, गार जागी ते साधारण चार तास राहतं, फ्रिजमध्ये एक दिवस. ते पाजायचं वाटी-चमच्याने. बाटली नको, कारण बुचाच्या खाचेत आणि रबरी बोंडल्यात राहिलेल्या दुधात जंतू वाढतात. ती प्रत्येक वेळी उकळून घेणं कामावर जाणाऱ्या बाईला जमत नाही. वाटी-चमचा धुणं सोपं. आणि हे काम आजीला, आत्याला, खरं तर बाळाच्या बाबांनाही जमतं!

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं मात्र वेळेवर हवं. मऊ भात-वरण, त्यावर तूप, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेली भाजी, अंडं, मासळी... आणि हो, केळंसुद्धा! केळ्याने न्यूमोनिया होत नाही. एक वर्षाच्या आत मध मात्र चाटवूच नका. त्यातल्या जंतूंचा तान्ह्या बाळाला क्वचित पण गंभीर त्रास होऊ शकतो.

घरातला धूर

पंख्याच्या वाऱ्याला आपण घाबरतो आणि धुराला घाबरत नाही, ही गंमतच आहे. चुलीच्या धुराने पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लाकडाच्या धुरातले बारीक कण मुलाच्या इवल्याशा श्वासनळीला सूज आणतात आणि कफ बाहेर टाकणारी यंत्रणा ढिली करतात. मग जंतूंना रान मोकळं. गॅसची टाकी घरात आली तरी सिलिंडरचे पैसे वाचवायला पाणी तापवणं आणि भाकऱ्या चुलीवर, असं कित्येक घरांत चालतं. मूल जवळ हवं म्हणून ते चुलीशेजारीच निजवलेलं असतं.

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि धुरी हाही त्यातलाच प्रकार. शेपा, ओवा, लसणाच्या साली टाकून बाळाला धुरी द्यायची आणि खिडक्या बंद ठेवायच्या. करणाऱ्या आजीचा हेतू प्रेमाचाच असतो. बाळाला ऊब हवी हे तिचं म्हणणंही अगदी बरोबर. पण ती ऊब आईच्या छातीशी धरून, टोपी-मोजे घालून द्यावी. धुराने ऊब कमी मिळते आणि त्रास जास्त होतो.

संध्याकाळी डास आले की कॉइल पेटते. दारं-खिडक्या लावून. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. म्हणजे बाप बाहेर जाऊन बिडी ओढत असला, तरी घरात कॉइल आहेच! डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत डासांपासून मूल वाचवायचंच आहे. त्यासाठी मच्छरदाणी उत्तम. तिला वास नाही, धूर नाही आणि रोजचा खर्चही नाही.

बिडी-सिगारेटबद्दल एवढंच, की ‘मी दारात उभा राहून ओढतो’ याने भागत नाही. धूर आत येतो आणि कपड्यांना चिकटून मुलाजवळ जातो. ही जोखीम घरात कोण आणतं, ते सासूबाईंनाही माहीत असतं. मुलाला बोलायचं सोडून सुनेला बोलणं सोपं, एवढंच.

उंबऱ्याबाहेरची हवा

आता बाहेर पडू या. कारण घरातलं सगळं सुधारलं, तरी खिडकी उघडल्यावर काय आत येणार?

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे जुनं, तळ्यांचं आणि वाड्यांचं हे गाव. १ ऑक्टोबर २०१६ ला खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग निघतो, पळस्प्याहून गोव्याचा महामार्ग. उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनर रात्रंदिवस इथूनच जातात. शेजारी तळोज्याची एमआयडीसी. त्यात गेली काही वर्षं विमानतळाचं प्रचंड काम चाललं, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटनही झालं. त्याच्या आजूबाजूला इमारतींची कामं सुरूच आहेत.

या सगळ्याने रोजगार आला, फ्लॅटचे भाव वाढले, हे खरंच. पण मुलांच्या छातीचं काय? ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातल्या निळ्या कुत्र्यांचे फोटो देशभर गाजले होते. एका कारखान्यातल्या रंगाने कुत्री निळी झाली, तेव्हा कुठे लोकांचं कासाडी नदीकडे लक्ष गेलं. जानेवारी २०२१ मध्ये खारघरला ‘वातावरण’ या संस्थेने रस्त्याकडेला पांढऱ्याशुभ्र कृत्रिम फुफ्फुसांचा मोठा फलक उभारला होता. पंधरवडाही गेला नाही आणि ती फुफ्फुसं काळी पडली. ती कापडाची होती. आपल्या मुलांची फुफ्फुसं बाहेरून दिसत नाहीत, म्हणून आपण निवांत असतो.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं. आपण मिनिटाला पंधरा-सोळा, तर वर्षाचं मूल जवळजवळ तीस. वजनाच्या मानाने ते आपल्याहून कितीतरी जास्त हवा आत घेतं. त्यात ते रांगतं, जमिनीलगत असतं आणि धूळही तिथेच. हायवेलगतच्या खोलीतल्या बाळाची छाती महिन्यात तीनदा भरते, तर त्यात आईचं ‘लक्ष’ काय करणार? ती फरशी दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसू शकते, गर्दीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी बंद ठेवून मागची उघडू शकते. त्यापुढे तिचा इलाज चालत नाही.

तो चालतो पालिकेचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा फारच बिघडली, तेव्हा मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. भोवती उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून नेणं. असे नियम आपल्या गल्लीतल्या बांधकामावर पाळले जातात का, हे प्रभाग कार्यालयात जाऊन विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. हळदीकुंकवाला चाळीस बायका जमतात. त्यातल्या दहा जणींनी एक अर्ज सहीनिशी नेऊन दिला, तर त्याची दखल घ्यावीच लागते.

पाणी आणि जुलाब

छातीनंतर पोट. पावसाळ्याच्या तोंडाशी जुलाबांची साथ ठरलेली. पनवेल शहराला देहरंग धरणाचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात पाणीकपात पाचवीला पुजलेली. पाणी एक दिवसाआड आलं की पिंप, बादल्या, टाक्या भरून ठेवाव्या लागतात. साठवलेल्या पाण्यात हात बुडतात, तांब्या बुडतो आणि जंतू पोटात जातात. उघड्या पिंपात डास वाढतात ते वेगळंच. लांब दांड्याचं ओगराळं, घट्ट झाकण आणि बाळासाठी उकळून गार केलेलं पाणी, एवढं तर घरात होऊ शकतं. बाळाची शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवायचे, ही आपल्या हातातली सगळ्यात स्वस्त लस समजा.

‘दात येतायत, जुलाब होणारच’ असं म्हणून थांबू नका. दात येण्याच्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून पोट बिघडतं. त्यावर उपाय ओआरएस, म्हणजेच जलसंजीवनी. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ आली, सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. तेच हे औषध. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते कालवायचं आणि चोवीस तासांत संपवायचं. सोबत झिंकच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध आणि खाणं बंद करायचं नाही.

खोक्यात मिळणारी गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला बंदी घातली. जास्त साखरेने जुलाब उलट वाढतात.

राहून गेलेली लस

शेवटचा प्रश्न होता कार्डाचा. सरकारी वेळापत्रकात आज कितीतरी लशी फुकट आहेत. जुलाबांवरची रोटा लस २०१९ पर्यंत देशभर पोचली, न्यूमोनियावरची पीसीव्ही २०२१ मध्ये. पूर्वी हीच पीसीव्ही खासगीत हजारो रुपयांना घ्यावी लागायची. तरीही त्या पाहणीच्या वेळी राज्यातल्या एक ते दोन वर्षांच्या दर चार मुलांमागे साधारण एकाचे डोस अपुरे होते.

त्याची किंमत आपण २०२२ च्या अखेरीला मोजली. मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला गोवर उसळला, मुलं दगावली. करोनाच्या दोन वर्षांत राहून गेलेले डोस हे त्याचं एक मोठं कारण. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साथ थांबते. गोवर अंगावरच्या पुरळाने संपतही नाही. त्यामागून न्यूमोनिया, जुलाब येतात, डोळ्यांना इजा होते. ‘देवी आली’ म्हणून ओटी भरा, पण डॉक्टरांकडे जा आणि अ जीवनसत्त्वाचा डोस घ्या.

मग लस चुकते कुणाची? बहुतेक वेळा घर बदलणाऱ्यांची. नाक्यावरचे मजूर, ट्रेलरवाले, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुली. आणि आपल्या तालुक्यातले कातकरी. दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात, कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या आधी परततात. या सहा-सात महिन्यांत मुलांचे डोस येतात आणि जातात. अंगणवाडी गावात, मूल भट्टीवर, झोपडी कुडाची, चूल तिथेच आणि भट्टीचा धूर डोक्यावर. या लेखातल्या सगळ्या जोखमी त्या एका मुलाच्या वाट्याला येतात. तिथे कुणी ‘आईचं लक्ष नाही’ म्हणालं, तर काय बोलावं?

एक मात्र प्रत्येकीने लक्षात ठेवावं. लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, गाव बदललं म्हणून ती नाकारता येत नाही. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. गोवर-रुबेलाचा डोस नवव्या महिन्यात चुकला असेल, तर पाच वर्षांपर्यंत घेता येतो.

मणी मोजणाऱ्या बाया

बायकांच्या हातात ज्ञान दिलं तर काय होतं, हे आपल्याच महाराष्ट्राने दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि निरक्षर सुईणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. मोजता येत नाही त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. या प्रयोगाने बालमृत्यू घटल्याचं १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. १९९९ मध्ये तिथल्याच घरोघरच्या नवजात बाळांच्या देखभालीचे निष्कर्ष आले, त्यात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. बाळंतपणानंतर आशाताई आपल्या घरी सहा वेळा येते ना, त्या भेटींचं मूळ तिथे आहे. तेव्हा ती आली की ‘सगळं ठीक आहे’ म्हणून दारातूनच परत पाठवू नका. बाळाचं वजन करून घ्या, शंका विचारा.

महिन्याभराने त्या सासू-सून मला पुन्हा दवाखान्यात दिसल्या. कार्ड गावाहून आलं होतं, सासूबाईंनीच दिराला सांगून मागवलं. राहिलेले डोस सुरू झाले होते. बाटली गेली, वाटी-चमचा आला आणि तो आता सासूबाईंच्याच हातात होता. कॉइलऐवजी मच्छरदाणी आली. बिडीचं विचारलं तर सून हसली, म्हणजे ते अजून बाकी आहे. बाळ मात्र टवटवीत दिसत होतं.

"पण धुळीचं काय करायचं हो?" सासूबाईंनी मला विचारलं. "पुसपुसून हात दुखतात. तासाभरात पुन्हा तेच."

लक्ष नसल्याची तक्रार त्या या वेळी करत नव्हत्या. धुळीवर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मी त्यांना प्रभाग कार्यालयाचा पत्ता दिला आणि अर्ज लिहून देते म्हणाले. तुमच्या गल्लीतही असा अर्ज लिहिणारी एखादी असेलच की!

चौकट : डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

बाळ शांत असताना, रडत नसताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षं ४० किंवा अधिक श्वास असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्या.

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय (आपण ‘पोट उडतंय’ म्हणतो), बाळ पीत नाही, सगळं उलटून टाकतंय, झटके येतात, मलूल पडलंय, डोळे खोल गेलेत, लघवी कमी झालीय, शीमध्ये रक्त आहे, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा अंग गार पडलं, तरी लगेच न्या.

वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.